पाठीवरच्या बिऱ्हाडातली वीज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "अमेरिकेत इतकी वर्षं काढलीस, काहीतरी अनुभवाचं बोल. वीस मिनिटं." काल रात्री गप्पा मारताना तीन-चार जणांनी विचारलं, विषय काय? मी म्हटलं, "कॅम्पिंग ट्रेलरमधली वीज बिघडली तर काय करायचं." त्यावर एकाने तेवढ्या वेळात चहाला जायचा बेत जाहीर करून टाकला. तो आत्ता समोरच बसलेला दिसतोय, म्हणजे चहा अजून आलेला नाही. असो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाळा सुटल्यावर मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, कारखान्यात मेंटेनन्सला नऊ वर्षं काढली आणि मग न्यू जर्सीला गेलो. तिथेही काम तेच, बंद पडलेलं चालू करायचं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, आपल्या गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचा. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास सगळं असतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं आमचं गाडीच्या पाठीवर. कॅम्पग्राउंडवर एकदा का लोकांना कळलं की हा माणूस मल्टिमीटर बाळगतो, की मग सकाळी दात घासायलाही सवड मिळत नाही. "जरा येता का? आमच्याकडे अंधार आहे."

तर पहिली गोष्ट. ट्रेलरमध्ये एक वीज नसते, दोन असतात, आणि निम्म्या तक्रारी हे न कळल्यामुळे चुकीच्या टोकाला शोधल्या जातात. एक घरातली असते तशी एसी. अमेरिकेत ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह, भिंतीतले सॉकेट, गिझरची कॉइल हे सगळं त्यावर. दुसरी १२ व्होल्टची डीसी, बॅटरीतून येणारी. दिवे, पाण्याचा पंप, थंडीतल्या गॅसच्या हीटरचा पंखा, फ्रिजचं कंट्रोल कार्ड, गॅस गळतीचा अलार्म हे त्यावर. या दोघांच्या मध्ये कन्व्हर्टर नावाची पेटी असते. बाहेरून १२० व्होल्ट मिळाले की ती साधारण साडेतेरा व्होल्ट डीसी बनवते, दिवेही चालवते आणि बॅटरीही भरते. लोडशेडिंगच्या काळात आपण सगळ्यांनी घरी इन्व्हर्टर बसवले होते, त्याच्या आतला चार्जर आठवा. ते काम ही पेटी करते. इन्व्हर्टरचं दुसरं काम, म्हणजे बॅटरीवरून एसी बनवणं, ती करत नाही.

म्हणून मी कोणाकडे गेलो की पहिला प्रश्न असा असतो: दिवे चालू आहेत का, आणि मायक्रोवेव्हचं घड्याळ दिसतंय का? दिवे आहेत आणि घड्याळ नाही, तर बाहेरची वीज आलेली नाही, बॅटरीवर दिवे जळताहेत आणि बॅटरी उतरते आहे. घड्याळ आहे आणि दिवे नाहीत, तर १२ व्होल्टच्या बाजूला शोधायचं. दोन्ही नाहीत, म्हणजे बाहेरची वीज केव्हाच गेली होती, कोणाच्या लक्षात आलं नाही आणि रात्रीतून बॅटरीही बसली. दोन मिनिटांत अर्धी वाट संपते.

बाहेरच्या विजेसाठी कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला एक खांब असतो. त्यावर सॉकेट आणि ब्रेकर. आमच्यासारख्या ट्रेलरला तीन पिनांचा ३० अँपिअरचा प्लग असतो, म्हणजे जास्तीत जास्त ३६०० वॉट. एअर कंडिशनर, गिझर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडणारच, तो बिघाड नव्हे. मोठ्या गाड्यांना चार पिनांचा ५० अँपिअरचा प्लग असतो. त्यात १२० व्होल्टचे दोन फेज आणि एकच न्यूट्रल. हा न्यूट्रल कुठे सुटला तर एका बाजूला व्होल्टेज चढतं आणि दुसऱ्या बाजूला उतरतं, आणि चढलेल्या बाजूचा टीव्ही, मायक्रोवेव्ह जे असेल ते जळतं. सोसायटीतला न्यूट्रल तुटल्यावर काही घरांतले टीव्ही, फ्रिज एकदम गेल्याचं इथल्याही काही जणांनी पाहिलं असेल. तोच प्रकार.

प्लग लावायच्या आधी खांबावरचा ब्रेकर बंद करायचा, प्लग लावायचा, मग ब्रेकर चालू करायचा. काढतानाही आधी ब्रेकर. ही शिस्त पाळत नाहीत त्यांच्या प्लगची पाती काळी पडलेली दिसतात, कारण चालू लोडवर ओढल्यावर ठिणगी पडते. काळं पातं म्हणजे ढिला संपर्क, ढिला संपर्क म्हणजे उष्णता, आणि उष्णतेने सॉकेट आणखी ढिलं होतं. हात लावून प्लग गरम लागला तर ट्रेलरमध्ये काही शोधायला जाऊ नका, आधी तो प्लग बघा.

दुपारी तीन-चार वाजता, उन्हाळ्यात, सगळ्या कॅम्पग्राउंडवर एअर कंडिशनर घरघरत असतात तेव्हा खांबावरचं व्होल्टेज १२० वरून १०५ पर्यंत आलेलं मी पाहिलंय. अशा वेळी कॉम्प्रेसर जास्त करंट खेचतो आणि तापतो. चांगल्या संरक्षक पेट्या १०४ व्होल्टच्या आसपास वीज स्वतःच तोडतात. लोक मग त्या पेटीवर रागावतात. माझ्या मते ट्रेलरवर पैसे खर्च करायचेच असतील तर आधी ही पेटी घ्यावी, मोठा टीव्ही नंतर.

खांबावर वीज बरोबर आहे, आत मेन ब्रेकर वर आहे, तरी ओट्यावरचं सॉकेट मेलेलं. याचं उत्तर दहातल्या सात वेळा बाथरूममध्ये असतं. तिथल्या सॉकेटवर दोन बटणं असतात, जीएफसीआय म्हणतात त्याला. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत साधारण ५ मिलिअँपिअरचा फरक पडला की ते तोडतं. आपल्याकडे घराच्या बोर्डावर आरसीसीबी असतो तो ३० मिलिअँपिअरचा, हे त्याचंच जास्त हळवं भावंड. ट्रेलर बनवणारे त्या एका सॉकेटच्या पुढे ओट्यावरची आणि बाहेरची सॉकेटंही जोडून टाकतात. बाहेरच्या सॉकेटमध्ये पावसाचं पाणी गेलं की आतली कॉफी बंद. लोक अख्खं फ्यूजपॅनेल उचकतात, आणि दाबायचं बटण आरशाखाली असतं.

एक गोष्ट मात्र इथल्या मंडळींसाठी मुद्दाम सांगतो, विशेषतः ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि जे तिकडे गेल्यावर "मी बघतो रे" म्हणून हातात स्क्रू ड्रायव्हर घेतात. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत एसीमध्ये काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची ती अर्थ. एवढ्यावर संपत नाही. गाडीच्या बॅटरीला लाल प्लस आणि काळी मायनस असते, ते सगळ्या जगाला पाठ आहे. पण बऱ्याच ट्रेलरमध्ये बॅटरीला जाणारी काळी वायर प्लस असते आणि पांढरी मायनस. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, सॉफ्टवेअरमधले, त्यांनी हिवाळ्यानंतर बॅटरी परत बसवली, काळी मायनसला लावली. टच करताच ठिणगी आणि मग शांतता. नशीब असं की कन्व्हर्टरमध्ये याचसाठी दोन मोठे फ्यूज दिलेले असतात, ते गेले आणि पेटी वाचली. त्यांना वाटत होतं की कन्व्हर्टर जळला, नवा आणायला निघाले होते. दोन फ्यूजमध्ये काम झालं. काढताना वायरला चिकटपट्टी लावून प्लस-मायनस लिहून ठेवावं.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय निवडला तो सांगतो.

न्यू जर्सीतलंच एक मराठी कुटुंब. तरुण जोडपं, चार वर्षांचा मुलगा, आणि उन्हाळ्यापुरत्या कऱ्हाडहून आलेल्या मुलाच्या आई. त्यांनी जुना ट्रेलर विकत घेतला होता आणि पहिल्या सहलीच्या आधी आठवडाभर घरासमोर उभा करून सामान भरत होते. गॅरेजमधल्या साध्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन टाकून वीज घेतली होती. मला बोलावलं होतं ते दुसऱ्याच कामासाठी, फ्रिज थंड होत नव्हता. तो लेव्हलमध्ये उभा नव्हता एवढंच. गॅसवर चालणाऱ्या या फ्रिजना तिरकं उभं राहिलेलं चालत नाही.

मी हत्यारं आवरत होतो तेव्हा मावशी ट्रेलरमध्ये डबे ठेवायला आल्या. दाराचं हँडल त्यांनी पदराने धरलं. मला ते विचित्र वाटलं. सूनबाई हसून म्हणाली, "आईंना दाराचा शॉक बसतो म्हणे." मुलगा म्हणाला, "शुगर आहे काका, हातापायाला मुंग्या येतात. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय." मावशी काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, "मावशी, मुंग्या कधी येतात?"

"सकाळी तुळशीला पाणी घालून आले की. दाराला हात लावला की इथपर्यंत," त्यांनी कोपर दाखवलं. "चप्पल घातली असली तर नाही. घरात तर कुठेच नाही. म्हणून मी नातवाला जवळ येऊ देत नाही याच्या, तर ही दोघं हसतात."

शुगरच्या मुंग्या चप्पल बघून येत नाहीत. मी सगळ्यांना ट्रेलरपासून लांब व्हायला सांगितलं. पोरगं आत खेळत होतं, त्याला म्हटलं आतच बस, उतरू नकोस. हे उलटं वाटेल, पण आत असलेल्या माणसाच्या पायाखाली आणि हाताखाली सारखंच व्होल्टेज असतं, त्याला काही होत नाही. एक पाय ओल्या जमिनीवर आणि हात दांडीला, हा क्षण घातक असतो. मग ओल्या गवतात स्क्रू ड्रायव्हर खुपसला, मीटरची एक पिन त्याला आणि दुसरी दाराच्या हँडलला लावली. १०७ व्होल्ट.

मुलाला म्हटलं, घरात जा आणि गॅरेजचा ब्रेकर बंद कर. तो पळत गेला. आकडा शून्यावर आला, तेव्हा मी नातवाला उचलून बाहेर आणलं.

कारणं दोन निघाली, आणि दोन्ही असल्याशिवाय हा प्रकार होत नाही. एक्स्टेन्शनच्या प्लगची तिसरी पिन, अर्थची, मुळापासून तुटलेली होती. कधीतरी कोणीतरी दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून तोडली असणार. मुलगा म्हणाला, "पण सगळं चालत तर होतं, काका." चालणारच. अर्थच्या वायरचा वस्तू चालवण्याशी काही संबंध नसतो, म्हणून तर ती तुटलेली कोणाला कळत नाही. दुसरं कारण शोधायला प्लग काढून ठेवला आणि ट्रेलरच्या प्लगच्या फेज आणि अर्थच्या पिनांमध्ये ओहम मोजले, आतले ब्रेकर एकेक करत चालू करून. सगळे ठीक, गिझरचा ब्रेकर वर केला की तीसेक हजार ओहम. गिझरच्या कॉइलला तड गेली होती. टाकीत पाणी नसताना कॉइल चालू केली की ती अशीच जाते. त्या तडेतून वीज पाण्यात, पाण्यातून टाकीत, टाकीतून ट्रेलरच्या चेसिसमध्ये येत होती. टायर रबराचे, जॅकखाली लाकडाचे ठोकळे. चेसिसमधून जमिनीत उतरायला विजेला वाट नाही. मावशींनी ओल्या पायांनी हँडल धरलं की ती वाट त्या होत्या.

पण ब्रेकर कसा पडला नाही? तो १५ अँपिअरचा होता, म्हणजे १५,००० मिलिअँपिअर. मावशींच्या अंगातून जात होते त्या हिशोबाने तीनएक. इतक्याला मुंग्या येतात. १० ते २० च्या दरम्यान मूठ उघडता येत नाही, धरलेलं सोडता येत नाही. ब्रेकर वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नसतो. त्या जुन्या घराच्या गॅरेजात जीएफसीआय नव्हता. आणि कॉइलची तड रोज वाढते, कमी होत नाही. आज तीस हजार ओहम, सहलीला निघेपर्यंत तीन हजार झाले असते.

गिझरची वायर काढून टोकं बंद केली, ते एक्स्टेन्शन मी तिथल्या तिथे कापून टाकलं, नवं जाड घ्यायला लावलं. तिकडे वायरच्या जाडीचा गेज आकडा उलटा चालतो, आकडा लहान तर वायर जाड. ३० अँपिअरला १० गेजची लागते, आणि दुकानात स्वस्तात मिळणारी केशरी एक्स्टेन्शन बहुतेक १६ ची असते. ती बागेतल्या दिव्यांसाठी ठीक आहे. त्यानंतर मी बॅगेत पेनासारखा टेस्टर ठेवतो, जो न टेकवता नुसता जवळ नेला की फेजवर पिपाणी वाजवतो. कुठल्याही ट्रेलरच्या दाराशी गेलो की हात लावायच्या आधी तो पुढे करतो. लोकांना गंमत वाटते.

मावशींना मी इतकंच म्हटलं की तुमच्यामुळे कळलं. त्या मुलाला म्हणाल्या, "बघ." दुसरं काही नाही. मग आम्हाला कांदेपोहे मिळाले.

आता १२ व्होल्टची बाजू. इथे शॉकची भीती नाही, म्हणून लोक तिला हलक्यात घेतात. पण थंडीत ट्रेलरचा जीव या बाजूला असतो. गॅसचा हीटर गॅसवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पंख्याने पुरेसा वारा दिला तरच आतली एक पातळ पट्टी हलते आणि स्विच लागतो, तो लागला तरच गॅस पेटतो. बॅटरी कमकुवत असली की पंखा फिरतो पण सुस्त, पट्टी हलत नाही, गॅस पेटत नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून कार्ड स्वतःला बंद करून घेतं. माणूस सिलिंडर बदलत बसतो.

हिशोब सोपा आहे. साधी लेड-ॲसिड बॅटरी धरा ८० अँपिअर-अवरची. ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी ४०. हीटरचा पंखा आठेक अँपिअर घेतो. कडाक्याच्या थंडीत तो निम्मा वेळ चालतो, तासाला चार झाले. दहा तासांच्या रात्रीत ४० संपले. म्हणजे वीज नसलेल्या जागी एका बॅटरीवर एक रात्र, तीही दिवे आणि पंप न धरता. ओढणाऱ्या गाडीतून येताना बॅटरी भरते असं समजतात, पण त्या सात पिनांच्या जोडणीतली चार्जिंगची वायर बारीक आणि लांब असते, थोडेच अँपिअर पोचतात. तीन तास गाडी चालवून रिकामी बॅटरी भरत नाही. नवीन लिथियमच्या बॅटऱ्यांची गोष्ट वेगळी. त्या जवळजवळ पूर्ण वापरता येतात, पण त्यांना साडेचौदा व्होल्टच्या आसपास चार्जिंग लागतं आणि जुना कन्व्हर्टर तितकं देत नाही. बॅटरी नवी आणि कन्व्हर्टर जुना असेल तर ती अर्धवट भरून राहते आणि दोष बॅटरीला दिला जातो.

कोलोरॅडोत रॉकी पर्वतात, सप्टेंबर अखेरीस, आम्ही दोघं आणि मुलीची दोन मुलं होतो. वीज नसलेली जागा, बाहेर शून्याच्या खाली. रात्री दोनला जाग आली ती आवाजाने. हीटरचा पंखा नेहमी घुमतो तसा न घुमता कण्हत होता, आणि गॅस पेटल्यावर येतो तो भुप्प आवाज येत नव्हता. शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस होता. बायकोने मुलांना आपल्या दोन्ही बाजूंना घेतलं आणि सगळी पांघरुणं त्यांच्यावर घातली. शेगडी पेटवून ठेवूया असं तिने सुचवलं नाही, कारण बंद ट्रेलरमध्ये शेगडीवर ऊब घेणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि तिला ते माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

बॅटरीच्या टोकांवर मोजलं: पंखा चालू असताना १२.३ व्होल्ट. बॅटरी चांगली होती. हे मोजताना लोड चालू हवा. मोकळ्या बसलेल्या बॅटरीवर १२.४ दिसतात आणि पंखा लावला की ती १० वर कोसळते, अशा बॅटरीचा एखादा सेल मेलेला असतो. आमची तशी नव्हती. पण हीटरच्या टर्मिनलवर फक्त १०.५. म्हणजे १.८ व्होल्ट वाटेत हरवले. आता वाटा दोनच, जाण्याची आणि येण्याची. आपल्या विज्ञानाच्या सरांनी टॉर्चचा सेल आणि बल्ब घेऊन आपल्याला दाखवलं होतं की वीज जाते तितकीच परत यावी लागते, तिला परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. सर समोर बसलेत, त्यांना आठवत असेल. बहुतेक लोक जाण्याची वाट तपासतात, फ्यूज बघतात. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी फ्यूजपॅनेलला लावली: ०.१ व्होल्ट. ती वाट बरी. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला: १.७. तिथे शून्याजवळ दिसायला हवं.

ट्रेलरमध्ये परतीची वाट म्हणजे ती लोखंडी चौकटच असते. बॅटरीपासून एक पांढरी वायर निघते आणि पुढच्या त्रिकोणी भागाखाली एका बोल्टने चौकटीला कसलेली असते. कारखान्यात ती रंगावरच कसली होती. रस्त्यावरचं मीठपाणी, दोन हिवाळे, आणि खाली गंज. टॉर्च तोंडात धरून, आधी बॅटरीचा मायनस सोडून, तो बोल्ट काढला, पॉलिश पेपरने चौकट चकचकीत होईपर्यंत घासली, खाली दातेरी वॉशर घालून कसला, वरून व्हॅसलिन. बोटं बधिर झाली होती, बोल्ट दोनदा गवतात पडला. मायनस परत जोडला, थर्मोस्टॅट चालू केला. पंखा घुमला, आणि थोड्या वेळाने भुप्प. हीटरवर १२.१ व्होल्ट. धाकट्याने झोपेत विचारलं, "आजोबा, सकाळ झाली?" मी म्हटलं, नाही, झोप.

दिवे मंद, पंप कुथतोय, हीटर रुसलाय आणि बॅटरी मात्र भरलेली, असं दिसलं की मी तो बोल्ट आधी बघतो. आणि १२ व्होल्ट गेले की गॅस गळतीचा अलार्मही गप्प होतो, हे लक्षात असू द्या. अलार्म कटकट करतो म्हणून त्याचा फ्यूज काढणारे महाभाग मला भेटलेत. तो बहुतेक वेळा बॅटरी उतरल्याचं सांगत असतो.

बाकीचं भरभर सांगतो. दारापाशी बॅटरी तोडण्याचा स्विच असतो, तो आत-बाहेर करताना पिशवी लागून बंद होतो. आधी तो बघा. छोट्या जनरेटरवर लावलं की संरक्षक पेटी "अर्थ नाही" म्हणून वीज घेत नाही, कारण त्या जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतात. त्यासाठी वेगळा प्लग मिळतो, तो जनरेटरवरच लावायचा, खांबावर कधीही नाही. आणि घरी ट्रेलरसाठी ३० अँपिअरचं सॉकेट बसवायचं तर इलेक्ट्रिशियनला १२० व्होल्ट असं लिहून द्या. ते दिसतं कपडे वाळवायच्या यंत्राच्या सॉकेटसारखं, सवयीने २४० जोडलं जातं आणि पहिल्याच दिवशी आतलं सगळं जातं.

आता इथलं. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि काल तुमच्यातल्याच दोघांनी कोकणात अशी गाडी भाड्याने घ्यायचा बेत सांगितला. आपल्याकडे व्होल्टेज २३०, म्हणजे मावशींच्या गोष्टीतला आकडा दुप्पट समजा. गाडी ताब्यात घेताना आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघा, तो पडला पाहिजे. नसेल किंवा पडत नसेल तर दुसरी गाडी मागा. मुक्कामाच्या जागी सॉकेट मिळालं की मीटरने तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा कमी किंवा हलता दिसला तर तिथे अर्थिंग नाही, आणि मग ढाबेवाला कितीही प्रेमाने म्हणाला "लावा की साहेब, काही होत नाही," तरी लावू नका. आपल्या खिशातला निऑनचा टेस्टर फक्त फेज आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल तुटला तर तो दोन्ही भोकांत पेटतो आणि अर्थबद्दल एक अक्षर बोलत नाही. पावसाळ्यात, अनवाणी, गाडीच्या पत्र्याला हात लावून कोणी "चुरचुरतंय" म्हटलं, मग ते लहान पोर असो की म्हातारं माणूस, आधी वीज तोडा आणि मग त्यांना विचारा, कुठे, कधी, चप्पल होती का.

मीटर आणि तो पिपाणीवाला टेस्टर मी बरोबर आणलाय. जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर असेन. शाळेच्या या हॉलमधली सॉकेटंही मोजून बघू, मुख्याध्यापकांची परवानगी मी काल घेतली आहे.